त्या रात्रीची प्रत

डीप पर्पल या इंग्लिश हार्ड रॉक वाद्यवृंदाचे चाहते गेली पन्नासहून अधिक वर्षे एका प्रश्नावर भांडत आले आहेत. १९७२ च्या ऑगस्टमध्ये जपानात झालेल्या तीन मैफलींतून निवडून केलेला 'मेड इन जपान' हा संग्रह श्रेष्ठ, की त्या तीन रात्री जशा घडल्या तशा ऐकणे श्रेष्ठ? बाहेरच्या माणसाला हा वाद पोरकट वाटेल. मलाही तो बराच काळ तसाच वाटत होता. साहित्याच्या विद्यार्थ्यांनी आणि शिक्षकांनी मात्र त्याकडे दुर्लक्ष करू नये, असे आता माझे मत झाले आहे. संहिता, प्रयोग आणि परंपरा हे शब्द आपण वर्गात वापरतो. त्यांच्याविषयी हे लोक आपल्यापेक्षा अधिक पोटतिडकीने बोलत असतात.

आधी वस्तुस्थिती पाहू. १५ आणि १६ ऑगस्टला ओसाकात आणि १७ ऑगस्टला टोकियोच्या बुडोकान सभागृहात हे कार्यक्रम झाले. ध्वनिमुद्रणाची कल्पना जपानी कंपनीची होती आणि संग्रहही मुळात जपानपुरताच काढायचा होता. प्रत्यक्षात तो जगभर गेला आणि हार्ड रॉकच्या मैफलींचा मानदंड ठरला. त्यात गाणी फक्त सात आहेत. त्यांतली चार ओसाकाच्या दुसऱ्या रात्रीची, दोन टोकियोची आणि पहिल्या रात्रीचे एकच, 'स्मोक ऑन द वॉटर'. स्टुडिओत जेमतेम साडेचार मिनिटांचे असलेले 'स्पेस ट्रकिन' येथे सुमारे वीस मिनिटे चालते आणि तबकडीची एक अख्खी बाजू व्यापते. पुढे १९९३ मध्ये तिन्ही रात्रींचे बरेचसे मूळ मुद्रण तीन तबकड्यांच्या संचात प्रसिद्ध झाले आणि वादाला नवे इंधन मिळाले.

चाहत्यांत येथे दोन पक्ष पडतात. पहिल्या पक्षाला सात गाण्यांचा तो संग्रहच प्रमाण वाटतो. निवड करणाऱ्यांना कान होता, त्यांनी प्रत्येक गाण्याचा सर्वोत्तम प्रयोग उचलला, मग उरलेले चिवडण्यात काय अर्थ, असे त्यांचे म्हणणे. दुसऱ्या पक्षाच्या मते ही निवडच फसवी आहे. सात गाण्यांची ती मैफल पृथ्वीच्या पाठीवर कधी झालीच नाही. श्रोत्यांपैकी कोणीही ती त्या क्रमाने ऐकलेली नाही. पहिल्या रात्री चाचपडणारे वादक, दुसऱ्या रात्री सापडलेला सूर, तिसऱ्या रात्रीच्या मोठ्या सभागृहाचे दडपण, हा सगळा प्रवास निवडीत नाहीसा झाला.

मराठीच्या विद्यार्थ्याला हा वाद ओळखीचा वाटायला हवा. शके १५०६ मध्ये एकनाथांनी पैठणला ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी केली, तेव्हा त्यांच्यापुढेही अनेक प्रती होत्या आणि त्यांतून एक प्रत सिद्ध करायची होती. पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती तयार केली. ती नेमक्या त्याच रूपात कोणत्याही एका हस्तलिखितात सापडत नाही. तरीही तिच्यावाचून आपले भागत नाही. 'मेड इन जपान'ला मी हार्ड रॉकची चिकित्सक आवृत्ती म्हणतो ते याच अर्थाने. दुसऱ्या पक्षाचा आक्षेप खरा आहे. परंतु 'अशी मैफल झालीच नाही' एवढ्याने संग्रह खोटा ठरत नाही. तो संपादित आहे, एवढेच सिद्ध होते. संपादन हा अपराध नव्हे. संपादन लपवणे हा अपराध होय.

या वादाची एक शाखा आपल्या मुंबईत येऊन पोहोचते आणि माझ्या दृष्टीने तीच अधिक महत्त्वाची आहे. ८ एप्रिल १९९५ रोजी अंधेरीच्या क्रीडासंकुलात डीप पर्पलचा कार्यक्रम झाला. त्याचे मुद्रण 'बॉम्बे कॉलिंग' या नावाने आधी चित्रफितीच्या रूपात आले आणि २०२२ मध्ये ध्वनितबकड्यांवरही प्रसिद्ध झाले. मी तेव्हा नांदेडला एम. ए. करीत होतो. खोलीतल्या सोबत्याकडे 'मेड इन जपान'ची चौथ्या-पाचव्या हाताने उतरवलेली, घरघरणारी कॅसेट होती. मुंबईला जाण्याचा प्रश्नच नव्हता. तेवढे पैसे कोणाकडे होते? मुद्रण पाहिले तेही बऱ्याच वर्षांनी.

नावातली एक गंमत जाणकार चाहते आवर्जून सांगतात. 'चाइल्ड इन टाइम' या १९७० सालच्या गीताची मूळ सुरावट 'इट्स अ ब्यूटिफुल डे' या अमेरिकन वाद्यवृंदाच्या एका रचनेवरून घेतलेली आहे आणि त्या रचनेचे नाव 'बॉम्बे कॉलिंग' असेच होते. मुंबईच्या नावाची एक अमेरिकन धून इंग्रजांनी उचलली, तिचे वेगळेच गाणे केले आणि पाव शतकानंतर ते गाणे अंधेरीत येऊन वाजवले. त्याच वर्षी पुढे शहराचे अधिकृत इंग्रजी नावही बदलले. चाल एकाची, शब्द दुसऱ्याचे आणि मालकी सगळ्यांची, हे भजनी मंडळांच्या प्रदेशात वाढलेल्या माणसाला नवे नाही.

मुख्य मुद्दा वेगळा आहे. ज्याच्या गिटारवर 'मेड इन जपान' उभा होता, तो रिची ब्लॅकमोर १९९३ मध्येच वाद्यवृंद सोडून गेला होता. मुंबईत त्याच्या जागी स्टीव्ह मोर्स होता आणि त्याला येऊन जेमतेम पाच महिने झाले होते. ब्लॅकमोरने जपानात आयत्या वेळी सुचलेले जे वाजवले, ते चाहत्यांनी वीस वर्षांत इतके पाठ केले होते की त्याचीच पोथी झाली होती. मोर्सने ती पोथी जशीच्या तशी वाचली असती तर तो नकलाकार ठरला असता. ती बाजूला ठेवली असती तर बंडखोर. मुंबईच्या मुद्रणात तो पुष्कळदा ओळखीच्या वळणाने निघतो आणि मध्येच स्वतःची वाट धरतो. ऑर्गनवर जॉन लॉर्ड आणि ड्रमवर इयन पेस हे जुने सोबती त्याला वाट करून देतात. नवा कीर्तनकार जुना अभंग निरूपणाला घेतो, तेव्हा टाळकरी त्याला कसे जोखतात आणि कसे सांभाळतात, हे ज्याने पाहिले आहे त्याला येथे काय चालले आहे ते सांगावे लागणार नाही.

पुष्कळ चाहते मात्र हे मुद्रण एका वाक्यात निकालात काढतात: ब्लॅकमोर नाही आणि गिलनचा आवाज पूर्वीसारखा राहिलेला नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. इयन गिलन जपानात सव्वीस वर्षांचा होता, अंधेरीत एकोणपन्नास वर्षांचा. 'चाइल्ड इन टाइम'मधल्या वरच्या किंकाळ्या आता त्याला कष्टाने लावाव्या लागतात. काही वर्षांनी ते गीत त्याने गाणेच सोडले. परंतु यावरून निघणारा निष्कर्ष मला मान्य नाही. हा निष्कर्ष मूळ प्रयोगाला देव्हाऱ्यात बसवतो आणि नंतरच्या प्रत्येक प्रयोगाला त्याची उणी नक्कल ठरवतो. असे असेल तर परंपरा म्हणून काही उरतच नाही. उरते ती केवळ पुण्यतिथी. मोर्स पुढे २०२२ पर्यंत या वाद्यवृंदात राहिला. ब्लॅकमोरच्या दोन्ही कालखंडांची बेरीज केली तरी मोर्सची वर्षे अधिक भरतात. त्या दीर्घ दुसऱ्या आयुष्याची सुरुवात अंधेरीच्या मुद्रणात ऐकू येते. केवळ 'तेव्हासारखे' ऐकायला बसलेल्या कानांना ती ऐकूच येत नाही.

येथपर्यंत माझे मत मला स्वच्छ वाटत होते. घरातल्या एका प्रसंगाने त्याला तडा गेला.

माझे चुलते जळकोटजवळच्या आमच्या गावात भजन गात. एकादशीच्या जागराच्या दोन कॅसेट घरात होत्या, दोन वेगवेगळ्या वर्षांच्या. दुसऱ्या वर्षी त्यांना दम्याने गाठले होते; वरच्या सुराला आवाज फाटतो, मध्ये खोकला येतो, कोणीतरी पाणी आणून देते आणि तेवढा वेळ मृदंग ठेका धरून थांबतो. चुलते गेल्यावर पुतण्याने दोन्ही कॅसेट संगणकावर घेतल्या. मुलगा हुशार. त्याने खोकला काढला, पाण्याची जागा कापली आणि फाटलेल्या ओळीच्या जागी आदल्या कॅसेटमधली ओळ इतकी बेमालूम बसवली की सांधा कळू नये. मी चिडलो. ही रात्र खोटी आहे, असे मी त्याला सुनावले. ठेका धरून थांबलेला तो मृदंग हेच माझ्या लेखी त्या रात्रीचे सर्वांत मोलाचे संगीत होते. एक माणूस श्वास घेईपर्यंत दुसऱ्याने त्याची जागा राखून ठेवली होती.

काकू शेजारी बसून ऐकत होत्या. म्हणाल्या, "हेच ऱ्हाऊ दे बाबा. त्यांचा आवाज आसाच होता."

मला उत्तर सुचले नाही. आजारपणाची ती रात्र त्यांनी जवळून काढली होती; ती पुन्हा ऐकण्याची त्यांना गरज नव्हती. त्यांना हवे होते ते चुलत्यांचे उत्तम रूप, म्हणजे घरातले 'मेड इन जपान'. मला हवा होता तो पुरावा. मी संशोधकाच्या जागेवरून बोलत होतो आणि ती जागा सर्वांत न्याय्य आहे असे गृहीत धरत होतो. सात गाण्यांच्या संग्रहाला कवटाळणाऱ्या चाहत्याला केवळ आळशी श्रोता समजणे हीही तशीच चूक आहे. प्रिय माणसाला त्याच्या चांगल्या दिवसांत आठवण्याचा हक्क श्रोत्यालाही असतो.

म्हणून माझे मत आता असे आहे. दोन्ही प्रती हव्यात आणि कोणती प्रत कोणती आहे हे प्रतीवर लिहिलेले हवे. जपानच्या संग्रहाविषयी आज कोणता तुकडा कोणत्या रात्रीचा हे सांगता येते, म्हणूनच त्यावर भांडताही येते. आपल्याकडे ती सोय नाही. मराठवाड्यात गावोगावी जागर झाले, भारुडे झाली, जयंतीच्या मांडवांत रात्रभर गायन झाले. त्यांतल्या काहींच्या कॅसेट कपाटांत, पेटाऱ्यांत पडून आहेत आणि त्यांच्यावरील फीत दरवर्षी थोडी थोडी झडते आहे. बहुतेकींवर तारीख नाही, गाव नाही, साथीदारांची नावे नाहीत. २०२२ च्या एप्रिलमध्ये जवळच्या उदगिरात ९५ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हा मौखिक परंपरेचे गोडवे गाणाऱ्यांत मीही होतो. माझ्या घरातल्या दोन कॅसेटवर तेव्हा एक अक्षरही लिहिलेले नव्हते.

संतकविता आपण छापील पानावरून शिकवतो आणि ती गायची असते हे परीक्षेपुरते सांगतो. एकच अभंग दोन मंडळांनी कसा म्हटला, याची तुलना करायला लावणारा प्रश्न मी तीस वर्षांत एकदाही काढलेला नाही. तो चाहता मात्र एकाच गाण्याचे तीन रात्रींचे तीन प्रयोग समोर ठेवतो, नोंदी करतो, मत बनवतो आणि त्या मतासाठी भांडतो. यंदा दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना मी एकच काम दिले आहे: घरातली किंवा शेजारची एक कॅसेट शोधा, ऐका, गाणारा कोण, साथीला कोण, गाव कोणते, वर्ष कोणते हे म्हाताऱ्या माणसांना विचारून लिहून आणा.

माझ्या घरी पुतण्याने आता दोन फायली ठेवल्या आहेत. पहिल्या फाईलच्या नावात तिथी आणि वर्ष आहे. खोकला तिच्यातच आहे. दुसरीला त्याने 'काकूंसाठी' असे नाव दिले आहे आणि कोणती ओळ कुठून घेतली ते खाली लिहून ठेवले आहे.