ब्रह्महृदयातल्या दोघी



एका भगिनीने पत्रातून विचारले आहे, ‘तारका म्हातारी झाली म्हणजे दिव्यासारखी मंद होत होत विझते का? घरात विचारलं तर सगळे हसले, म्हणून तुम्हांला लिहिते.’

यात हसण्यासारखं काय आहे? हसणाऱ्यांना उत्तर ठाऊक असतं, तर त्यांनी ते सांगितलं नसतं का! आणि उत्तर आहे उलटंच. तारकेचं वय झालं की ती आधी फुगते आणि जास्तच प्रकाश देऊ लागते. अशा एक नाही, दोन तारका तुम्हांला गच्चीतूनच दाखवते.

जानेवारीच्या अखेरीस रात्री नऊच्या सुमारास, ओटा आवरून झाला की वर जा. मृग नक्षत्र डोक्याच्या जरा दक्षिणेला असतं. त्याच्याकडे पाठ करून उत्तरेकडे तोंड केलंत की उंचावर एक ठसठशीत पिवळसर तारका दिसेल. तेच ब्रह्महृदय. रात्रीच्या आकाशात तेजाने सहावा क्रमांक. आपल्या सूर्यसिद्धान्तात हे नाव आलेलं आहे. पाश्चात्यांनी मात्र तिला ‘छोटी शेळी’ म्हटलं. आपलंच नाव मला बरं वाटतं.

दिसायला एक, पण असतात दोघी. १८९९ साली प्रकाशाचे पट्टे तपासताना हे उमगलं. एकीच्या रेघा एका बाजूला सरकत, तर दुसरीच्या विरुद्ध बाजूला. दोघी जणू फुगडी घालताहेत! एक फेरा १०४ दिवसांचा. दोघींमधलं अंतर साधारण ११ कोटी किलोमीटर, म्हणजे पृथ्वी आणि सूर्य यांच्यातल्या अंतराहूनही कमी. १९२० च्या सुमारास अमेरिकेत माउंट विल्सनच्या १०० इंची दुर्बिणीवर जॉन अँडरसन यांनी हे अंतर मोजलं, आणि १९९५ साली केंब्रिजच्या वेधशाळेने दोघींचं वेगवेगळं चित्रही मिळवलं.

आता खरी गंमत. या दोघी जुळ्या, वय साठ कोटी वर्षांच्या आसपास. आपल्या सूर्याचं वय साडेचारशे कोटींच्या वर. तरी तो अजून भर संसारात आणि या दोघी मात्र उताराला लागलेल्या! कारण शिधा आणि खर्च. सूर्याच्या अडीचपट शिधा घेऊन त्या जन्मल्या, पण आज प्रकाशाचा खर्च सूर्याच्या सत्तर-ऐंशीपट. कोठी मोठी असली तरी हात इतका सैल असल्यावर किती पुरणार?

त्या दोघींतही फरक आहे. थोरली धाकटीहून भारी, पण किती? शंभराला जेमतेम तीन-चार. किलोभर कणकेत छोटी मूठभर जास्त पडावी, तेवढंच. पण तेवढ्यानेच थोरली एक पायरी पुढे गेली. तिच्या गाभ्यातला हायड्रोजन संपून हेलियम उरला, आणि आता तो हेलियमच जळतो आहे. चुलीतली राख पेटल्याचं कधी ऐकलंय? तिथे तसं होतं, मात्र त्याला दहा कोटी अंशांची धग लागते. थोरली सूर्याच्या बारापट रुंद झाली आहे. वरची आच सुमारे ४७०० अंश सेल्सिअस, आणि अंग इतकं संथ की स्वतःभोवती फिरायलाही तिला त्या फुगडीच्या फेऱ्याइतकेच दिवस लागतात.

धाकटी अजून मधल्या वाटेवर. गाभ्यातला हायड्रोजन संपला, भोवतीचा जळतोय, आणि अंग फुगत चाललंय. रुंदी सूर्याच्या जवळजवळ नऊपट, आच सूर्याइतकीच. साडेआठ दिवसांत स्वतःभोवती गिरकी घेते. तारकांच्या आयुष्यात ही वाट फार चटकन सरते, त्यामुळे अशी तारका वाटेवर नेमकी सापडणं विरळाच.

आणखी एक खूण. आपल्या मोबाइलच्या बॅटरीत असतं ते लिथियम धाकटीच्या अंगावर बऱ्यापैकी आहे, थोरलीच्या अंगावर नावालाच. ते टिकतं फक्त वरच्या पातळ थरात. फुगताना थोरलीचं अंग खोलवर ढवळलं गेलं. पातेल्यावरची साय साऱ्या दुधात ढवळून टाकली, तर वर काय उरणार? धाकटीची ढवळण अजून व्हायची आहे.

या घराण्यात आणखी दोघी आहेत, बरं का. खूप लांब, आपल्यातच फिरणाऱ्या, लालसर, वजनाने सूर्याच्या जेमतेम निम्म्या. वय तेच, पण चिमूटचिमूट खर्च, त्यामुळे त्यांचा शिधा अजून जवळजवळ तसाच आहे. नुसत्या डोळ्यांना त्या दिसत नाहीत.

मुलं दुर्बीण मागतील, पण ब्रह्महृदयासाठी म्हणून घेऊ नका. घरगुती दुर्बिणीतून ही जोडी सुटी दिसत नाही. गच्चीतला दिवा मालवलात तरी पुरे. तुमच्या डोळ्यांत शिरणारा तो प्रकाश त्रेचाळीस वर्षांपूर्वी तिथून निघालेला असतो. तुमच्यापैकी कित्येकींच्या लग्नाच्याही आधी.