पुढच्या ब्रेकची बदनामी

मोटारसायकल शिकणाऱ्या पोराला आमच्याकडे गिअर कळायच्या आधी एक उपदेश मिळतो: "म्होरचा बिरेक दाबू नको, तोंडघशी पडशील." सांगणारा काका असतो, थोरला भाऊ असतो, नाहीतर गॅरेजवाला. जालना जिल्ह्यातले अंतरवाली सराटी हे गाव सप्टेंबर 2023 मधल्या मराठा आरक्षणाच्या उपोषणापासून साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक झाले. माझा विषय मात्र तिथल्या रस्त्याचा. जवळच्या वडीगोद्रीच्या फाट्यावर घटकाभर उभे राहा आणि येणाऱ्याजाणाऱ्यांचे उजवे हात पाहा. बरेच जण चारही बोटे ॲक्सिलरेटरभोवती आवळून बसलेले दिसतील. पुढच्या ब्रेकच्या लिव्हरवर एक बोटही नसते. तो उपदेश चुकीचा आहे. इतका चुकीचा असून तो टिकून राहिला, याचे बरेचसे पाप लायसनच्या परीक्षेच्या पदरात पडते, असे माझे म्हणणे आहे.

आधी विरुद्ध बाजू नीट ऐकून घेऊ, कारण ती बाजू अडाण्यांची नाही. हा नियम ज्यांनी केला ते काळ्या मातीच्या वाटांवर गाडी चालवत होते. एक सर पडली की टायरला चिखलाचा थर चढतो, आणि तिथे पुढचे चाक अडले की गाडी कधी आडवी झाली ते कळतही नाही. मागचे चाक घसरले तर गाडी नुसती शेपूट हलवते, पाय टेकून माणूस सावरतो. हा अनुभव खराच आहे. आजही कालव्याकडेच्या मातीच्या वाटेवर, उसाच्या ट्रॉलीतून पडलेल्या पाचटावर किंवा दिवाळीच्या सुमारास डांबरावर वाळत घातलेल्या सोयाबीनवर पुढच्या ब्रेकला जपूनच हात लावावा. (रस्त्याचे खळे करणाऱ्यांबद्दल वेगळा लेख लिहावा लागेल.)

पण वाटेवरचा नियम उचलून धुळे-सोलापूर महामार्गावर नेला की तोच जिवावर उठतो. ब्रेक लागताच गाडीचे आणि माणसाचे वजन पुढे झुकते. पुढचे चाक रस्त्यावर दाबले जाते, मागचे हलके होते. दाबलेल्या चाकाची पकड वाढते, हलक्या चाकाची कमी होते. म्हणून कोरड्या डांबरावर जोरात थांबताना निम्म्याहून बरेच जास्त काम पुढचे चाक करते. आपण मात्र नेमके त्यालाच घरी बसवतो आणि हलक्या झालेल्या चाकावर सगळा भार टाकतो. मग ते लॉक होते, टायर किंचाळतो, आणि गाडी पुढे जातच राहते.

हिशेब साधा आहे. ताशी 60 किलोमीटरच्या वेगात गाडी एका सेकंदात जवळजवळ 17 मीटर जाते. समोरचे संकट दिसून हातपाय हलेपर्यंत तेवढे अंतर गेलेच म्हणून समजा. त्यानंतर दोन्ही ब्रेक नीट दाबणारा साधारण 20 ते 25 मीटरमध्ये थांबतो. एकट्या मागच्या ब्रेकवर भिस्त ठेवणाऱ्याला 40 मीटरच्या आसपास लागतात. म्हणजे पहिला जिथे पूर्ण थांबला, त्या जागी दुसरा अजून ताशी 40 च्या घरात असतो. गळीत हंगामात रात्री मागे दिवा नसलेली उसाची ट्रॉली समोर आली, की या दोघांत किती फरक पडतो ते वेगळे सांगायला नको.

"आम्ही वीस वर्षे मागच्याच ब्रेकवर चालवतोय, काय झालं?" हा पारावरचा हमखास प्रश्न. ज्यांना झाले ते पारावर सांगायला येत नाहीत, एवढेच त्याचे उत्तर. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार 2022 मध्ये देशात रस्त्यावर 1,68,491 माणसे गेली, त्यांतली 74,897 दुचाकीवरची. यांतल्या कितींनी कोणता ब्रेक दाबला होता हे त्या आकड्यांत नाही, आणि मी ते त्यांच्या तोंडी घालणार नाही. पण हे नेमके तपासून पाहणारा अभ्यास झालेला आहे. अमेरिकेत हॅरी हर्ट यांच्या पथकाने लॉस एंजेलिस परिसरातल्या 900 मोटारसायकल अपघातांची जागेवर जाऊन पाहणी केली. 1981 च्या त्यांच्या अहवालात अपघातात सापडलेल्या चालकाचे वर्णन आहे, ते फाट्यावरच्या आपल्या माणसाला तंतोतंत लागू पडते: मागचा ब्रेक गरजेपेक्षा जास्त दाबून चाक घसरवणारा, पुढच्याचा पुरेसा उपयोग न करणारा आणि गाडी वळवून धोका चुकवणे जवळपास न जमणारा.

दुसरा आक्षेप नव्या गाड्यांचा. एप्रिल 2019 पासून 125 सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांना निदान जोडब्रेक आणि त्यावरच्यांना चाक अडू न देणारे एबीएस सक्तीचे झाले, मग आता शिकायचे काय? जोडब्रेकमध्ये मागचा पेडल दाबला की पुढचाही थोडा लागतो, ही सोय चांगलीच. पण तो थोडाच लागतो. बाकीचा हातानेच दाबावा लागतो. शिवाय दुधाचे कॅन लादून धावणाऱ्या जुन्या गाड्यांना यातले काहीच नाही.

आता परीक्षेकडे वळतो. टू-व्हीलरच्या पक्क्या लायसनसाठी आठचा आकडा काढायचा आणि पाय टेकू द्यायचा नाही, एवढे सगळ्यांना पाठ असते. आठ निरुपयोगी आहे असे मी म्हणत नाही. क्लच अर्धा सोडून गाडी रांगवणे, तोल सांभाळणे, चाकाकडे न बघता पुढच्या वळणाकडे बघणे, हे त्यातून चांगले येते. आणि आठात मागचाच ब्रेक बरोबर असतो! हँडल पूर्ण वळलेले असताना, माणूस चालतो तेवढ्या वेगात पुढचा ब्रेक लागला की गाडी जागच्या जागी कोसळते. गोम इथेच आहे. पोरगा आठाची तालीम करतो, पुढचा दाबला की पडतो, मागच्यावर पास होतो, आणि काकांचा उपदेश सरकारी शिक्क्यानिशी घेऊन घरी येतो. रांगत्या गाडीचा धडा त्याने धावत्या गाडीसाठी पाठ केलेला असतो, आणि या दोन्हींतला फरक त्याला कोणी विचारलेलाच नसतो.

मग शिकायचे कसे? कोरडी, मोकळी, डांबरी जागा, डोक्याला हेल्मेट आणि पायात चपलेऐवजी बूट. वेग 20, मग 30, जमल्यावर 40. हँडल सरळ. दोन बोटांनी पुढचा लिव्हर आधी हलका घ्यायचा, वजन पुढे आल्याचे जाणवले की दाब वाढवत न्यायचा. मागचा सोबत, पण बेताने. कचकन आवळला तर वजन पुढे येण्याआधीच चाक अडते, आणि काकांनी पाहिलेले बहुतेक अपघात याच जातीचे. चूक ब्रेकची नव्हती, आवळण्याची होती. पुढचे चाक घसरतेय असे वाटले तर तत्क्षणी सोडायचा आणि पुन्हा हलका धरायचा. हे मेंदूला नुसते कळून भागत नाही, बोटांना वळण लागावे लागते. मागे डबलसीट असेल तर मागच्या चाकावर वजन जास्त राहते. तेव्हा मागचा ब्रेक अधिक साथ देतो, पण थांबायला जागाही जास्त लागते.

वळणाचे गणित वेगळे. टायरची पकड म्हणजे एकच भाकरी. वळण्याने जेवढी खाल्ली तेवढी थांबण्याला उरत नाही. म्हणून वेग वळणाआधी, गाडी सरळ असतानाच कमी करायचा, गिअर तिथेच उतरवायचा, आणि वळणात ॲक्सिलरेटर जरासा धरून ठेवायचा. नजर वळण जिथे संपते तिथे. खड्ड्याकडे टक लावणारा खड्ड्यातच जातो, हे तर सगळ्यांच्याच अनुभवाचे आहे.

एवढे सारे परीक्षेत कुठून आणणार, असा शेवटचा आक्षेप येईल. आणायची गरजच नाही. ते कायद्यात आहेच. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधला नियम 15 उमेदवाराला काय काय करता आले पाहिजे ते सांगतो, आणि अचानक प्रसंगी गाडी थांबवता येणे त्यात लिहिलेले आहे. ब्रिटनमध्ये 2009 पासून मोटारसायकलच्या परीक्षेच्या पहिल्या भागात आठही काढावा लागतो आणि ताशी 50 किलोमीटरच्या वेगातून तातडीने थांबूनही दाखवावे लागते. आपल्याला 50 झेपत नसेल तर 30 ने सुरुवात करू. जालन्याच्या आरटीओने आठाच्या शेजारी सरळ पट्टा आखावा, साहेबांनी हात वर केला की उमेदवाराने दोन्ही ब्रेकवर ठरलेल्या रेघेच्या आत, चाक न घसरवता थांबावे. खर्च चुन्याच्या दोन रेघांचा.