माया लोक कुठेही गेलेले नाहीत

‘रहस्यमयरीत्या लुप्त झालेली माया संस्कृती.’ यूट्यूबवर या विषयावरचा कुठलाही व्हिडिओ लावा, दुसऱ्या मिनिटाला हे वाक्य येतंच. मागे गूढ संगीत, वर ड्रोन शॉट, थंबनेलवर एलियन. हे वाक्य खोटं आहे. आणि निरुपद्रवी तर अजिबात नाही.

माया लोक मेक्सिको, ग्वातेमाला, बेलीझमध्ये आज लाखोंच्या संख्येने राहतात. जवळपास तीस माया भाषा बोलतात. नवव्या शतकाच्या आसपास तिकाल, पालेंकेसारखी दक्षिणेकडची शहरं ओस पडली हे खरं. अभ्यासक दुष्काळ, लढाया अशी कारणं देतात. पण ओस पडली ती शहरं. माणसं संपली नाहीत. उत्तरेला चिचेन इत्सा त्यानंतरही भरभराटीत होतं. नोहपेतेन ही शेवटची स्वतंत्र माया राजधानी स्पॅनिशांच्या हाती पडली १६९७ साली. तेव्हा इकडे राजाराम महाराज जिंजीहून मोगलांशी झुंजत होते. याला ‘प्राचीन काळी लुप्त’ म्हणायचं?

आता आपण तिथे जाऊन काय करतो ते बघा. तिकीट काढायचं, दारातल्या स्थानिक गाइडला ‘नको, फोनवर सगळं आहे’ म्हणून कटवायचं, पिरॅमिडसमोर टाळी वाजवून प्रतिध्वनी ऐकायचा, रील टाकायची, बाहेर.

फोनवर सगळं नाही. मी पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर लिहितो, म्हणून सांगतो: मशीनला जे खायला घालाल तेच ते ओकतं. आणि मायांबद्दल लिहिलं कुणी? १५६२ मध्ये मानी गावात दिएगो दे लांदा या पाद्र्याने माया पोथ्यांची होळी केली. आज जगात फक्त चार उरल्यात. १८९४ मध्ये एडवर्ड थॉम्पसन या अमेरिकन वाणिज्यदूताने चिचेन इत्साची जमीनच विकत घेतली, तिथल्या पवित्र कुंडाचा तळ उपसला आणि निघालेल्या वस्तू हार्वर्डच्या म्युझियमकडे धाडल्या. १९६८ मध्ये एरिक फॉन डेनिकेनला पाकाल राजाच्या शवपेटीच्या झाकणावर अंतराळवीर दिसला. आपणही मागे नाही. ‘माया म्हणजे आपला मयासुर’ हा फॉरवर्ड तुमच्याही फॅमिली ग्रुपवर येऊन गेला असेल. जाळणारा, नेणारा, एलियन शोधणारा आणि मयासुरवाला, चौघांच्याही गोष्टीत माया माणसाला बोलायला जागा नाही.

ती जागा गाइडकडे आहे. चिचेन इत्सात जग्वार कोरलेल्या चौथऱ्यापाशी आमचा गाइड म्हणाला, “बालाम. घरी आम्ही जग्वारला हेच म्हणतो.” शेकडो वर्षांपूर्वीच्या माया शिलालेखांतही जग्वारला हाच शब्द आहे. १९५२ मध्ये युरी क्नोरोझोवने या लिपीचं कोडं सोडवायला सुरुवात केली, ती लांदानेच टिपून ठेवलेली अक्षरं आणि माया भाषा यांची सांगड घालून. बोलणारे उरले म्हणून दगड वाचता आले. हडप्पाची लिपी अजून बंद आहे, कारण तिची भाषा कोणती हेच आपल्याला ठाऊक नाही. फरक इतका मोठा आहे.

‘पण गाइड थापा मारतात.’ मारतात काही जण. व्हिडिओही मारतात. फरक एवढाच, की गाइडला तोंडावर ‘हे कशावरून?’ असं विचारता येतं. दारातला प्रत्येक गाइड माया असतो असंही नाही. मग विचारा की, घरी कोणती भाषा बोलता? त्या एका प्रश्नाने गप्पांचा विषयच बदलतो.

एवढं मनाला का लावून घ्यायचं? कारण ग्वातेमालात १९६० ते १९९६ यादवी युद्ध चाललं. दोन लाखांच्या आसपास माणसं मारली गेली किंवा बेपत्ता झाली. १९९९ च्या सत्यशोधन आयोगाच्या अहवालानुसार ओळख पटलेल्या बळींपैकी ८३ टक्के माया होते. लष्कराने माया समूहांविरुद्ध वंशसंहाराची कृत्यं केली, असंही त्यात नोंदवलं आहे. जे हजार वर्षांपूर्वीच ‘लुप्त’ झाले असं जगाने ठरवून टाकलंय, त्यांच्या आजच्या मरणाची बातमी कोण वाचणार? त्यांनी आजची जमीन मागितली तर कोण ऐकणार? मेलेल्यांचा सातबारा नसतो.

म्हणून जाल तेव्हा गाइडचे पैसे वाचवू नका. स्थानिक माया माणूस शोधा, ठरलेले पैसे घासाघीस न करता द्या, फोन खिशात ठेवा. आणि ‘माया लोक कुठे गेले?’ हा प्रश्न ओठांवर आलाच, तर आधी समोर कोण उभं आहे ते नीट बघा.