इंग्रजी शब्दांची किल्ली मराठीतच आहे

‘सिंधुदुर्ग’ या नावातच एक उपसर्ग दडला आहे. ‘दुर्’ म्हणजे कठीण, ‘ग’ म्हणजे जाणे. जिथे पोहोचणे कठीण, तो दुर्ग. मालवणच्या धक्क्यावरून होडीने किल्ल्यात जाणाऱ्याला हे लगेच पटते. शब्द फोडून अर्थ लावायची ही रीत मुले मराठीच्या तासाला शिकतात. इंग्रजीच्या तासाला मात्र आपण त्यांना सांगतो, ‘रोज दहा शब्द पाठ करा.’ माझ्या मते इथेच चुकते.

राज्यात २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासून शिकवली जाते. त्याआधी १९९७ मध्ये सिंधुदुर्ग देशातला पहिला पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. मालवण-तारकर्लीत होडी, स्कूबा, होमस्टे यांवर पोट असलेल्या तरुणाला इंग्रजी फक्त मार्कांसाठी लागत नाही. ‘नॉन-रिफंडेबल’ न कळल्यास पैशांवरून वाद होतो. ‘सबमर्ज्ड रॉक’ न कळल्यास जिवावर बेतते.

मग सुरुवात कुठून करायची?

अन : ‘अननेसेसरी’ म्हणजे अनावश्यक. इंग्रजीचा ‘अन’ आणि संस्कृतचा ‘अन्’ एकाच भाषाकुळातली भावंडे आहेत.
री : पुन्हा. रीप्रिंट म्हणजे पुनर्मुद्रण.
इंटर : इंटरनॅशनल म्हणजे आंतरराष्ट्रीय.
सब : खाली किंवा उप. सबमरीन समुद्राखाली चालते. सबकमिटी म्हणजे उपसमिती.
प्री : आधी. स्कूबाच्या अर्जातला ‘प्री-एक्झिस्टिंग’ आजार म्हणजे आधीपासून असलेला.

१९८९ च्या एका अमेरिकी अभ्यासात शालेय इंग्रजीतले उपसर्ग मोजले गेले. उपसर्ग लागलेल्या शब्दांपैकी ५८ टक्के शब्दांत ‘अन’, ‘री’, नकारार्थी ‘इन’ आणि ‘डिस’ हे चारच उपसर्ग आढळले. यातला ‘इन’ पुढच्या अक्षराप्रमाणे रूप बदलतो : इम्पॉसिबल, इलीगल, इरेग्युलर. म्हणजे चार किल्ल्या हाती आल्या, तरी बरीच कुलुपे उघडतात.

सगळी मात्र उघडत नाहीत. ‘अंकल’मध्ये ‘अन’ नाही, ‘रीझन’मध्ये ‘री’ नाही. ‘इनव्हॅल्युएबल’ म्हणजे बिनकामाचे नव्हे, तर अमोल, ज्याचे मोलच करता येत नाही असे. सगळ्यात धोक्याचा शब्द ‘इनफ्लेमेबल’. ‘इन’ पाहून कोणी ‘न पेटणारे’ असा अर्थ लावेल. खरा अर्थ ‘चटकन पेट घेणारे’ असा आहे. होडीतल्या इंधनाच्या कॅनवर हा शब्द दिसला, तर विडी-काडी लांबच ठेवावी.

म्हणून उपसर्गावरून अंदाज बांधावा, वाक्यावरून तो तपासावा आणि शंका राहिली तर मोबाइलवरचा शब्दकोश उघडावा. पाठांतराला विरोध नाही. पण पाठ केलेले दहा शब्द दहाच राहतात. एक उपसर्ग नीट समजला, तर पूर्वी कधीच न पाहिलेला शब्दही ओळखता येतो.

आज घरातले एखादे पाकीट, तिकीट किंवा औषधाचा खोका मुलांच्या हाती द्या आणि त्यावरचे उपसर्ग शोधायला सांगा. सुरुवातीला एवढे पुरे.