बंद लॅपटॉप भंगारात का जावा?

वर्ध्यातील आमच्या एका मित्राच्या घरी दोन लॅपटॉप होते. एक २०१६ सालचा, चालणारा पण सुरू व्हायलाच पाच-सात मिनिटे घेणारा. दुसरा २०१९ सालचा, पण मदरबोर्ड जळाल्याने पार बंद. नव्या बोर्डाचा खर्च ऐकून मित्राने तो भंगारात काढायचे ठरवले. भंगारवाल्याने किलोचा भाव सांगितला. तेव्हा स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या त्याच्या पुतणीने स्क्रू ड्रायव्हर हाती घेतला. बंद लॅपटॉपमधील ८ जीबीची रॅम आणि एसएसडी काढून तिने जुन्या लॅपटॉपमध्ये बसवली. तासाभराचे काम, खर्च काहीच नाही. आता तोच जुना लॅपटॉप मिनिटाच्या आत उघडतो आणि तिचा अभ्यास त्यावरच चालतो.

गोष्ट लहान आहे, पण विचार करायला लावणारी आहे. लॅपटॉप बंद पडतो म्हणजे बहुतेक वेळा त्याचा एखादाच भाग निकामी होतो. रॅम, डिस्क, चार्जर, पडदा, की-बोर्ड, पंखा हे सारे शाबूत असू शकते. हे आपल्याला कोण सांगणार? नवा लॅपटॉप विकणारा तर नक्कीच सांगणार नाही. २०२५च्या अखेरीस जगभर रॅमच्या किमती भडकल्या. अशा वेळी घरात पडलेली रॅम किलोच्या भावाने देऊन टाकणे आपल्या समाजाला परवडणारे नाही.

अर्थात, अज्ञानाने हात घालू नये. डीडीआर-३ रॅम डीडीआर-४च्या खाचेत बसत नाही. जोर लावला तर दोन्ही जातात. काही लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावरच डाखलेली असते, ती निघत नाही. चार्जर बदलताना व्होल्ट तेवढेच हवेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त चालतील. उघडण्यापूर्वी चार्जर काढावा, आतल्या बॅटरीची जोडणी सोडवावी. फुगलेली बॅटरी दाबू नये, टोचू नये. ती पेट घेते. डिस्क दुसऱ्याला देताना आपली कागदपत्रे, फोटो, पासवर्ड नीट पुसावेत. विंडोज १०ला मिळणारी मोफत सुरक्षा दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली आणि २०१६ सालचे बहुतेक लॅपटॉप विंडोज ११च्या अटींत बसत नाहीत. म्हणून ते फेकायचे काय? मुळीच नाही. लिनक्स फुकट आहे, त्यात मराठी लिहिता येते, आणि सी-डॅकने तयार केलेले 'बॉस' हेही लिनक्सच आहे.

आमचे काही वाचक संतापाने विचारतील की, पुन्हा जुनेपानेच आमच्या वाट्याला का? प्रश्न रास्त आहे. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी मृत जनावरांचे मांस आणि उष्टे तुकडे सोडून देण्याचे आवाहन केले, ते स्वाभिमानासाठीच. कुणी वरून फेकावे आणि आम्ही मान खाली घालून उचलावे, हे आम्हाला कालही मान्य नव्हते, आजही नाही. २०२०च्या टाळेबंदीत शाळा मोबाईलवर गेली आणि ज्यांच्या घरी यंत्र नव्हते ती मुले शाळेबाहेर राहिली. त्या मुलांना नवे यंत्र देणे ही शासनाची जबाबदारी होती आणि आहे. ती मागणी आम्ही सोडलेली नाही. पण आपल्याच घरातले यंत्र स्वतःच्या ज्ञानाने उघडून उभे करणे याला उष्टे खाणे म्हणत नाहीत. त्याला विद्या म्हणतात.

ज्या वर्धा जिल्ह्यात सेवाग्राम आहे, तिथे यंत्राचा वाद जुना आहे. गांधीजींनी इथूनच चरख्याचा आणि ग्रामोद्योगाचा पुरस्कार केला. बाबासाहेबांनी १९४५ सालच्या आपल्या ग्रंथात त्या विचाराला उत्तर दिले. दोष यंत्राचा नसून यंत्राचा लाभ मूठभरांना देणाऱ्या समाजरचनेचा आहे, आणि माणसाला विचारासाठी फुरसत यंत्रामुळेच मिळेल, असे त्यांचे म्हणणे होते. मग यंत्राच्या पोटात काय आहे हे आम्हालाच का माहीत नसावे? यंत्र वापरायचे आम्ही आणि उघडायचे दुसऱ्याने, ही विभागणी कुणी ठरवली?

आणखी एक बाजू आहे. २०२२ साली जगात सुमारे ६ कोटी २० लाख टन ई-कचरा निर्माण झाला. त्यातला एक चतुर्थांशही रीतसर गोळा होऊन पुनर्वापरात गेल्याची नोंद नाही. उरलेल्यातला बराचसा कुठे जातो? गरिबांच्या वस्तीत. तिथे तांब्यासाठी वायर जाळली जाते, सोन्यासाठी बोर्ड आम्लात बुडवले जातात आणि धूर दलित, मुस्लिम, स्थलांतरित कष्टकऱ्यांच्या छातीत जातो. देशात १ एप्रिल २०२३पासून नवे ई-कचरा नियम लागू आहेत, उत्पादकांवर जबाबदारी आहे. पण कागदावरचा नियम वस्तीतला धूर आपोआप थांबवत नाही. एक लॅपटॉप चार वर्षे जास्त चालला, तर तेवढा कचरा आणि तेवढा धूर लांबतो. कामाचे सारे भाग काढून घेतल्यावर उरलेला सांगाडा अधिकृत केंद्रातच द्यावा.

म्हणून आमची सूचना साधी आहे. वर्धा, हिंगणघाट, पुलगाव, आर्वी इथल्या विहारांत एक कपाट ठेवा. नोकरदार बांधवांनी घरात धूळ खात पडलेले बंद लॅपटॉप तिथे आणून द्यावेत. अभियांत्रिकी आणि आयटीआयच्या मुला-मुलींनी रविवारी दोन तास बसून ते उघडावेत, कामाचे भाग वेगळे करावेत, गरजू विद्यार्थ्याचा जुना लॅपटॉप सुधारून द्यावा. मात्र तो विद्यार्थी शेजारी बसला पाहिजे आणि स्क्रू त्याच्या हातानेच फिरला पाहिजे. नुसता लॅपटॉप दिला तर ते दान होईल. उघडायला शिकवले तर पुढच्या वर्षी तोच विद्यार्थी दुसऱ्याला शिकवायला बसेल.

येत्या १४ एप्रिलला डीजेच्या वर्गणीतून स्क्रू ड्रायव्हरचा एक संच घ्यायला किती पैसे लागतात, याचा हिशेब प्रत्येक मंडळाने जरूर करावा.