नावडत्या सुरुवातीशी वागावे कसे

पटावरून : ‘पटसाक्षी’

बुद्धिबळाच्या पटाशी ज्यांची काही वर्षे ऊठबस झाली आहे अशा बहुतेक खेळाडूंची एखादी नावडती सुरुवात ठरलेली असते, आणि तिचे हे नावडतेपण, नवल असे की, तिच्यापुढे आपण किती वेळा हरलो या हिशेबावर फारसे अवलंबून नसते. जिच्यापुढे आपण वारंवार हरतो तिचा आपल्याला धाक वाटतो, क्वचित आदरही वाटतो. परंतु जी आपल्याला धड हरवीतही नाही आणि मनाजोगते खेळूही देत नाही, जी आपली जागरणे आणि वहीत टिपून ठेवलेल्या साऱ्या चमकदार चाली एका निरुपद्रवी दिसणाऱ्या खेळीने निकामी करून टाकते, तिच्याविषयी मनात बसलेली अढी काही केल्या सुटत नाही. डावाचे नुकसान पुष्कळदा त्या सुरुवातीने होत नाही, या अढीने होते.

सध्या अशा रोषाला सर्वांत अधिक पात्र झालेली सुरुवात म्हणजे लंडन पद्धती. पांढरा आपले वजिरापुढचे प्यादे डी४ वर आणतो, वजिराच्या बाजूचा उंट एफ४ वर काढतो, मग ई३ आणि सी३ या दोन प्याद्यांनी मध्याचा बंदोबस्त करतो, घोडे एफ३ आणि डी२ वर, राहिलेला उंट डी३ वर, आणि शेवटी किल्लेकोट. समोरच्याने काय मांडले आहे याची विचारपूस करण्याच्या भानगडीत तो सहसा पडत नाही. कोणत्याही गावी पाहुणा गेला तरी मुगाची खिचडीच मागणाऱ्या गृहस्थासारखे त्याचे वर्तन असते. ज्याने ग्रुनफेल्ड बचावाचे पाठांतर करण्यात अवघा पावसाळा घालवला, त्याला ही खिचडी पाहून आपली फसवणूक झाली असे वाटते. पण याची फिर्याद कोणत्या कचेरीत दाखल करायची? नियमांत बसत नाही असे तर त्यात काहीच नाही.

या पद्धतीला तिचे नाव १९२२ च्या लंडन येथील स्पर्धेवरून मिळाले. त्या स्पर्धेत कापाब्लांका पहिला आणि अलेखिन दुसरा आला, आणि आक्रमणाचा मूर्तिमंत अवतार म्हणून ज्याची ख्याती, त्या अलेखिननेच तेथे एफ४ वर उंट काढून ऑयवेला हरविले, ही गोष्ट या पद्धतीला भित्र्यांची पद्धत म्हणणाऱ्यांनी ध्यानात ठेवण्याजोगी आहे. पुढे दीर्घ काळ तिच्याकडे सद्गृहस्थांची, पण फारशी महत्त्वाकांक्षा नसलेली सुरुवात म्हणूनच पाहिले गेले. अलीकडे काम्स्की आणि कार्लसन यांच्यासारख्यांनी तिला पुन्हा प्रतिष्ठा मिळवून दिली. कार्लसनने २०१६ साली वाइक आन झी येथे तोमाशेव्हस्कीविरुद्ध तिच्याच जोरावर डाव जिंकला. आणखी एक गोष्ट जाता जाता सांगावीशी वाटते. आपल्या जुन्या देशी बुद्धिबळात प्यादे पहिल्या खेळीलाही एकच घर चालत असे. त्यामुळे दोन्ही सैन्यांची गाठ पडण्यापूर्वी आपापली मांडणी निवांतपणे करून घेण्याची सवड प्रत्येकाला मिळे. त्या शिरस्त्यात वाढलेल्या मीर सुलतान खानाने १९२९ साली इंग्लंडात जाऊन त्याच वर्षी ब्रिटिश अजिंक्यपद मिळविले आणि पुढे हेस्टिंग्ज येथे कापाब्लांकालाही हरविले. आपल्या पणजोबांच्या ओटीवर एखादा लंडनवाला येऊन बसला असता, तर त्यांना तो फारसा परका वाटला नसता.

ही पद्धती कंटाळवाणी आहे हा आरोप मात्र मला मान्य नाही. २०२३ साली अस्ताना येथे झालेल्या जगज्जेतेपदाच्या सामन्यात डिंग लिरेन एका गुणाने मागे असताना सहाव्या डावात लंडनच खेळला. नेपोम्नियाचीने पाचव्या खेळीलाच सी५ वरच्या प्याद्याने डी४ वर मारामारी करून पांढऱ्याच्या हत्तीला ई-पट्टी मोकळी करून दिली, पुढे डिंगचा घोडा ई५ वर येऊन बसला, आणि शेवटी काळ्याचे प्यादे ए२ वर, म्हणजे वजीर होण्यापासून एका घरावर, येऊन उभे राहिले असतानाही त्याकडे ढुंकूनही न पाहता पांढऱ्याने वजीर, हत्ती, घोडा आणि डी५ वर सरकवलेले एक प्यादे यांच्या बळावर काळ्या राजाभोवती असे जाळे विणले की चव्वेचाळिसाव्या खेळीनंतर नेपोम्नियाचीला डाव सोडावा लागला. ज्या सुरुवातीतून असा शेवट निघू शकतो तिला नीरस म्हणण्याचा अधिकार, निदान आम्हां रविवारच्या स्पर्धांतील खेळाडूंना, नाही.

तेव्हा करावे काय? प्रथम काय करू नये ते सांगतो, कारण बहुतेकांचे डाव तेथेच बिघडतात. नावडत्या सुरुवातीला शासन करण्याची जी ऊर्मी मनात उठते, तिच्या भरात आपण राजाच्या बाजूची प्यादी जी५, एच५ अशी धाडतो, नाहीतर दहाव्या खेळीच्या आत घोड्याचे बलिदान देतो. आणि समोरचा मनुष्य, ज्याने सर्व मोहरी घरालगत सुव्यवस्थित ठेवली आहेत, तो शांतपणे एकेक गोष्ट जप्त करीत जातो. ज्या सुरुवातीत ठळक दोष नाही तिला ठळक शिक्षा देता येत नाही. तिच्यात जी बारीकशी उणीव असेल तेवढीच नेमकी शोधावी, आणि प्रतिपक्षाची मांडणी पूर्ण होण्यापूर्वी, ती पुरी झाल्यावर नव्हे, तेथे बोट ठेवावे.

लंडनमध्ये ही उणीव लपलेली नाही. वजिराच्या बाजूचा उंट बाहेर पडला की बी२ चे प्यादे त्याच्या आश्रयाला मुकते. म्हणून काळ्याने डी५, घोडा एफ६, सी५, घोडा सी६ अशी मांडणी करून, पांढऱ्याने सी३ खेळल्यावर, वजीर बी६ वर आणावा. पांढरा बहुधा आपला वजीर बी३ वर आणून प्याद्याचे रक्षण करतो. येथे नवशिका खेळाडू वजिरांची अदलाबदल टाळण्यासाठी, किंवा त्याहून वाईट म्हणजे, दुहेरी प्याद्यांच्या भयाने माघार घेतो; वस्तुतः सी४ हा प्याद्याचा पुढाकार हेच योग्य उत्तर होय. पांढऱ्याने बी६ वर वजीर मारला तर काळ्याने ए-प्याद्याने परत मारावे. दिसायला कुरूप अशी जी दुहेरी प्यादी उरतात त्यांच्या मोबदल्यात ए८ च्या हत्तीला जागच्या जागी मोकळी पट्टी मिळते, आणि पुढचे बी-प्यादे बी५, बी४ असे चालत जाऊन पांढऱ्याच्या वजिराच्या बाजूस भगदाड पाडू लागते. पांढऱ्याने अदलाबदल न करता वजीर सी२ वर मागे घेतला, तर काळ्याने उंट एफ५ वर ठेवावा! तो उंट वजिराने खाल्ला, तर काळा वजीर बी२ वर उतरतो आणि ए१ च्या हत्तीला सुटका उरत नाही. मात्र हे सारे पांढऱ्याचा वजिराच्या बाजूचा घोडा बी१ वर असेतोवरच. तो एकदा डी२ वर गेलेला असला की हत्तीला डी१ वर पळायला वाट मिळते आणि काळ्याचा उंट कवडीमोलाने जातो. तेव्हा एफ५ वर हात नेण्यापूर्वी बी१ कडे एकदा नजर टाकावी.

याच वजीर-बी६ ची चाल अधीरपणे, म्हणजे डी५ आणि घोडा सी६ यांच्या आधीच, दुसऱ्या-तिसऱ्या खेळीला करणारे पुष्कळ असतात. पांढरा त्यावर सी३ खेळण्याऐवजी त्या घरी घोडाच आणतो, काळ्याने बी२ चे प्यादे खाल्ले की तोच घोडा बी५ वर झेपावून सी७ वर शह देण्याची धमकी देतो, आणि काळ्याचा वजीर शत्रूच्या मुलखात अडकून पडलेला असल्याने तो घास पचविणे अतिशय जड जाते.

ज्यांना ही वजिराची ओढाताण रुचत नाही त्यांच्यासाठी दुसरी तजवीज आहे. जी६, उंट जी७, किल्लेकोट आणि डी६ असे शांतपणे मांडून ई५ या प्याद्याच्या ढकलीची तयारी करावी. ती ढकल एफ४ वरच्या उंटावरच येत असल्याने पांढऱ्याला आधी एच३ खेळून त्याच्यासाठी एच२ वर आसरा करून ठेवावा लागतो, आणि ज्याने आपल्या मांडणीत समोरच्याची दखल घ्यायची नाही असे ठरवले होते त्याला आपल्या तालावर चालवल्याचे समाधान मिळते. सरळ डी५-ई६ मांडणाऱ्याने डी६ वर उंट आणून एफ४ च्या उंटाशी अदलाबदल मागावी. लंडनमधील पांढऱ्याचा सारा रोख ई५ वर घोडा आणि डी३ च्या उंटाची एच७ वर नजर यांवर असतो, तो त्यामुळे पुष्कळ अंशी बोथट होतो. हा रामबाण नव्हे. अस्तानाच्या डावातही तेच उंट मारले गेले होते आणि तरी काळा हरला.

नावडत्या सुरुवातीशी झुंजण्याचे सर्वांत थोर, आणि सर्वांत खर्चिक, उदाहरण मात्र लंडन पद्धतीचे नाही. ते लंडन शहरातले आहे. २००० सालच्या ऑक्टोबरात तेथे कास्पारॉव्ह आणि क्रामनिक यांच्यात सोळा डावांचा सामना सुरू झाला. १९८५ पासून पंधरा वर्षे जगज्जेता असलेल्या कास्पारॉव्हचे सारे सामर्थ्य वजीर पटावर असताना, मोहऱ्यांची धावपळ चालू असताना प्रकट होत असे; आणि क्रामनिकने पहिल्याच डावात रुय लोपेझच्या उत्तरात बर्लिन बचाव, जो एकोणिसाव्या शतकापासून ज्ञात असून अडगळीत पडला होता, तो काढून ठेवला. या बचावात आठव्या खेळीलाच वजीर मारले जातात. काळा राजा डी८ वर येऊन किल्लेकोटाचा हक्क गमावतो, त्याची सी-प्यादी दुहेरी होतात, आणि सर्व मोहरी मारली जाऊन नुसती प्यादी उरली तर पांढरा बहुधा जिंकतो. कागदावर सर्व हक्क पांढऱ्याचे. पण काळ्याकडे दोन्ही उंट शाबूत, पटावर कमकुवत जागा नाही, आणि पांढऱ्याने पुढे सरसावावे तर शिरावे कोठून हे कळत नाही. कास्पारॉव्ह पहिल्या डावात तेथे गेला, तिसऱ्यात गेला, नवव्यात गेला, आणि तेराव्यातही गेला. चारही डाव बरोबरीत सुटले. मधल्या डावांत त्याने सी४ ने सुरुवात करून पाहिली, तेथेही काही हाती लागले नाही. क्रामनिकने दुसरा आणि दहावा असे दोन डाव जिंकले, एकही हरला नाही, आणि साडेआठ विरुद्ध साडेसहा गुणांनी सामना पंधराव्या डावातच संपला.

माझ्या मते कास्पारॉव्हची बुद्धी येथे कमी पडली नाही. त्याचा मानीपणा त्याला महाग पडला. त्याने त्या बचावाकडे एक आव्हान म्हणून पाहिले, आणि तो बचाव मोडूनच पुढे जायचे असा जणू निर्धार केला. चौथ्या खेळीला किल्लेकोट करण्याऐवजी डी३ हे एक प्यादे एक घर सरकवले असते तर वजीर पटावर राहिले असते, क्रामनिकची ती सारी तयारी दप्तरात पडून राहिली असती, आणि ज्या प्रकारच्या डावात कास्पारॉव्हचा हात कोणी धरू शकत नव्हता तो प्रकार त्याला मिळण्याची शक्यता तरी होती. हा मार्ग काही गुप्त नव्हता. जुन्या काळी स्टाइनिट्झ तो खेळत असे. पण ती मूळ मुद्द्यापासून घेतलेली माघार ठरली असती, आणि तेवढी माघार त्या काळच्या जगज्जेत्याला परवडण्यासारखी वाटली नसावी. नंतरच्या वर्षांत श्रेष्ठ खेळाडूंनी नेमके हेच केले: कोणी चौथ्या खेळीला डी३ पत्करले, तर कोणी किल्लेकोट करून, काळ्याने ई४ चे प्यादे घेतल्यावर, डी४ ऐवजी हत्ती ई१ वर आणून साधा, उघडा डाव मागितला.

आपल्या नावडत्या सुरुवातीच्या बाबतीत हाच प्रश्न आधी विचारावा, की मला येथे काय हवे आहे: हिला हरवायचे आहे, की मला जमतो तसा डाव हवा आहे? लंडनच्या बाबतीत याचे उत्तर शोधण्याचा एक उपाय मी ओळखीच्या खेळाडूंना सुचवीत आलो आहे, आणि तो ऐकून बहुतेकजण तोंड वाकडे करतात. काही आठवडे पांढरी मोहरी घेऊन स्वतःच लंडन खेळावे. वजीर बी६ वर आल्यावर आपल्या कपाळावर आठी पडते की ई५ ची ढकल झाल्यावर, उंटांची अदलाबदल झाली की हायसे वाटते की चुकल्याचुकल्यासारखे होते, हे चार-सहा डावांत आपोआप उमगते. आणि मग काळी मोहरी घेऊन बसताना पुस्तकातील सर्वोत्तम चालीपेक्षा, स्वतःला सर्वांत अधिक छळलेली चाल निवडण्याचे शहाणपण अंगी येते.

माघार घेऊन मनाजोगता डाव मिळवला म्हणजे तो जिंकलाच, असे मात्र कोणी समजू नये. २०१३ साली चेन्नईच्या सामन्यात चौथ्या डावात कार्लसनच्या बर्लिन बचावाशी चौसष्ट खेळ्या झगडून बरोबरी पत्करल्यावर, आनंदने सहाव्या डावात चौथ्या खेळीला डी३ खेळून ते वजीरविरहित रण टाळले. डाव पुढे हत्तींच्या शेवटापर्यंत गेला आणि सदुसष्टाव्या खेळीला तो जिंकला कार्लसनने.