फिट येते म्हणून लेकीला लपवू नका

मागे घाटकोपरला एका ओळखीच्या घरी आम्ही गेलो होतो. लेकीचे लग्न ठरलेले. आईने आम्हाला स्वयंपाकघरात बोलावून हळूच विचारले, "ताई, पोरीला लहानपणापासून फिट येते. सासरी कळू नये म्हणून गोळ्या बंद केल्या तर चालेल का? आणि हे बाहेरचं तर नसेल ना?"

आमच्या काळजात चर्र झाले.

भगिनींनो, फिट हा मेंदूचा आजार आहे. मेंदूतल्या पेशी विजेच्या सूक्ष्म लहरींनी एकमेकींना निरोप देतात. पुष्कळ पेशी एकदम बेभान होऊन लहरी सोडू लागल्या की शुद्ध हरपते, हातपाय झटकतात. याची कारणे अनेक. डोक्याला मार, जन्मताना बाळ गुदमरणे, मेंदूत गेलेल्या जंताच्या अळ्या. काहींच्या बाबतीत दोष पेशीच्या आतच असतो.

त्यातला एक शास्त्रज्ञांनी नेमका शोधला आहे. पेशीत 'कायनेज' नावाची प्रथिने असतात. ती दुसऱ्या प्रथिनांना फॉस्फेट जोडून त्यांचे काम चालू किंवा बंद करतात. 'एमटॉर' हे कायनेज पेशीला वाढीचा हुकूम देते. दोन जनुके त्याला ब्रेक लावतात. त्यांतले एक बिघडले की हुकूम थांबत नाही. पेशी अवाजवी वाढतात, त्यांची जोडणी चुकते आणि त्या चटकन भडकतात. या आजाराला ट्यूबरस स्क्लेरोसिस म्हणतात. बहुतेक वेळा हा बिघाड आईबापांकडून आलेलाही नसतो, मुलातच नव्याने झालेला असतो. मग आईला दोष का द्यायचा? एमटॉरला आवरणारे एव्हरोलिमस हे औषध २०१८ साली अमेरिकेत या रुग्णांच्या फिट्सवर मंजूर झाले. अंगाऱ्याने यातले काय सुधारणार?

आता गोळ्यांचे. त्या एकदम बंद केल्या तर फिटवर फिट येऊन जीव जाऊ शकतो. उलट नीट औषध घेतल्यास दहांतले सुमारे सात जण फिटपासून मुक्त राहू शकतात. मूल हवे असेल तेव्हाही आधी डॉक्टरांना विचारावे, कारण काही गोळ्या बदलाव्या लागतात.

आणि कायद्याचे. आपल्या बौद्धांच्या विवाहांनाही लागू असलेल्या हिंदू विवाह कायद्यात १९७६ पासून वारंवार फिट येणे हे लग्न रद्द करण्याचे कारण होते. १९९९ च्या दुरुस्तीने ते काढून टाकले. विशेष विवाह कायद्यातूनही काढले. मात्र आजार लपवला, तर फसवणुकीचा वाद उभा राहू शकतो.

म्हणून त्या माउलीला आम्ही म्हणालो, "नवऱ्या मुलाला घेऊनच डॉक्टरांकडे जा. ऐकून जो मागे फिरेल, तो आधीच फिरलेला बरा."

एक लक्षात ठेवा. फिट आली तर कांदा, चप्पल हुंगवू नका, तोंडात काही घालू नका. कुशीवर वळवा. पाच मिनिटांत थांबली नाही तर दवाखाना गाठा.